रंगपेटीतले इंग्रजी शब्द आणि त्यांची मुळे : अकरा शब्द, अकरा कलाकृती

मुलांची रंगपेटी उघडली की नळ्यांवर आणि वड्यांवर नावे दिसतात ती बहुतेक इंग्रजी असतात : क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन, इंडिगो, सेपिया. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतील मुले ही नावे शाळेत शिकतात. किरमिजी, हरताळ, हिंगूळ, अळता हे शब्द मात्र त्यांच्या कानावर क्वचितच पडतात. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, हिंदी, कानडी किंवा तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांच्या जगण्यात रंगांची जुनी मराठी नावे सर्वांत आधी मागे पडतात.

गंमत अशी की त्या इंग्रजी नावांपैकी काही आपल्याच शब्दांची भावंडे आहेत. ती फारसी, अरबी, पोर्तुगीज, लॅटिन अशा वाटांनी इंग्रजीत पोहोचली आणि आता नव्या वेशात आपल्या घरी परतली आहेत. काही शब्दांचे नाते आपल्या भाषेशी नाही, पण ते ज्या वस्तूचे नाव आहेत ती वस्तू आपल्या देव्हाऱ्यात किंवा जुन्या पोथीत सापडते.

पुढे अशा अकरा शब्दांच्या नोंदी दिल्या आहेत. प्रत्येक शब्दासोबत एक कलाकृती दिली आहे, म्हणजे शब्द वाचताना चित्रही डोळ्यांसमोर ठेवता येईल.

भाग पहिला : आपल्याच घरून गेलेले शब्द

१. क्रिमसन
मराठीत : किरमिजी
कलाकृती : ‘द ज्यूइश ब्राइड’, रेम्ब्रां, सुमारे १६६५ ते १६६९, राइक्स म्युझियम, ॲमस्टरडॅम

भूमध्य समुद्राच्या काठी ओक जातीच्या एका झुडपावर लहान किडे वाढतात. मादी किडे वाळवून त्यांपासून गडद तांबडा रंग काढत. या किड्याला अरबीत ‘किर्मिझ’ म्हणत. फारसीतला ‘किर्म’ आणि संस्कृतातला ‘कृमि’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, आणि ‘किर्मिझ’ याच कुळातून आला. स्पेनमार्गे तो युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘क्रिमसन’ झाला. आपल्याकडे फारसीमधून आला तो ‘किरमिजी’. म्हणजे डॉक्टर ज्यांच्यासाठी औषध देतात ते पोटातले कृमी, पैठणीचा किरमिजी काठ आणि रंगपेटीतले क्रिमसन, हे तिन्ही शब्द एका घरचे आहेत.

‘कारमाइन’ हाही ‘किर्मिझ’चाच वंशज आहे. ‘व्हर्मिलियन’ची गोष्ट थोडी वेगळी. तो लॅटिनमधल्या ‘छोटा किडा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. पुढे हे नाव किड्याकडून खनिजाकडे गेले आणि पारा व गंधक यांच्या संयुगाला, म्हणजे आपल्या हिंगुळाला, लागू झाले.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून कोचिनील नावाचा निवडुंगावरचा किडा युरोपात आणला. त्याचा रंग अधिक दाट होता, त्यामुळे जुना किर्मिझ मागे पडला. रेम्ब्रांच्या या चित्रातील वधूच्या तांबड्या पोशाखाला जी खोल झळाळी आहे, ती कोचिनीलच्या पारदर्शक थरामुळे आलेली आहे.

२. लेक
मराठीत : लाख
कलाकृती : दशावतारी गंजिफा, सावंतवाडी

‘क्रिमसन लेक’मधल्या लेकचा तळ्याशी काहीही संबंध नाही. तळे या अर्थाचा शब्द लॅटिन ‘लाकुस’पासून आला. रंगाचा ‘लेक’ आला तो संस्कृत ‘लाक्षा’पासून : प्राकृतात ‘लक्खा’, फारसीत ‘लाक’, अरबीत ‘लक्क’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लाक्का’. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर लाखेचे किडे राळेसारखा थर तयार करतात. त्यातून दोन गोष्टी मिळतात : तांबडा रंग आणि चकाकी देणारी राळ. त्या तांबड्या रंगावरून, विरघळणारा रंग पांढऱ्या भुकटीवर बसवून केलेल्या कोणत्याही रंगद्रव्याला युरोपात ‘लेक’ म्हणू लागले. राळेवरून ‘लॅकर’ आणि ‘शेलॅक’ हे शब्द आले. चीन-जपानमधले लॅकर वेगळ्या झाडाच्या चिकापासून होते, पण युरोपीय लोकांनी त्यालाही हेच नाव दिले.

लाखेचाच रंग म्हणजे अळता. नवरीच्या पावलांना लागणारा अळता आणि चित्रकाराच्या नळीतला लेक यांचे मूळ एकच.

सावंतवाडीच्या गंजिफा हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या असतात. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते, असे एकूण १२० पत्ते असतात. रंगकाम झाल्यावर पत्त्यांवर लाखेचा हात दिला जातो. गंजिफा आणि लाखकाम या दोन्ही कला सावंतवाडीच्या राजघराण्याच्या पुढाकाराने विसाव्या शतकात पुन्हा उभ्या राहिल्या. राजवाड्यात आजही कारागिरांना हे काम करताना पाहता येते.

३. इंडिगो आणि ॲनिलीन
मराठीत : नीळ
कलाकृती : ‘स्ट्रॉबेरी थीफ’, विल्यम मॉरिस, १८८३, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन

नीळ भारतातून येते म्हणून ग्रीक लोक तिला ‘इंडिकॉन’, म्हणजे ‘भारतातले’, असे म्हणत. त्यावरून ‘इंडिगो’. आपल्या वस्तूला दुसऱ्यांनी आपल्या देशाचे नाव दिले, ते हे असे.

‘नील’ हा मूळ शब्दही प्रवासाला निघालाच होता. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत ‘अन्-नील’ होऊन, पुढे पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनतज्ज्ञांनी निळीपासून एक तेलकट द्रव वेगळा केला आणि १८४० च्या सुमारास त्याला ‘ॲनिलीन’ हे नाव मिळाले. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने ॲनिलीनवर प्रयोग करताना जांभळा ‘मॉव्ह’ रंग तयार केला, आणि कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. १८९७ मध्ये कारखान्यात बनलेली नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीची घसरण सुरू झाली. चंपारणचा १९१७ चा सत्याग्रह ज्या नीळ-मळेवाल्यांविरुद्ध झाला, त्या मळ्यांचा काळ तेव्हा संपतच आला होता. ज्या रसायनशास्त्राने आपल्या निळीला मागे टाकले, त्याच्या एका मुख्य द्रव्याच्या नावात ‘नील’ अजून आहे.

मॉरिसला कारखानी रंग आवडत नसत. त्याने लंडनजवळच्या मर्टन ॲबी येथील कारखान्यात निळीचे जुने तंत्र पुन्हा बसवले : कापड आधी पूर्ण निळीत बुडवायचे, मग नक्षीच्या जागचा रंग उडवायचा. ‘स्ट्रॉबेरी थीफ’मध्ये या निळ्या-पांढऱ्यावर त्याने तांबडा आणि पिवळाही बसवला. नक्षीत बागेतल्या स्ट्रॉबेरी चोरणारे पक्षी आहेत.

४. चिंट्झ
मराठीत : चीट
कलाकृती : डेव्हिड गॅरिकच्या पलंगाचे पडदे, मच्छलीपट्टण, अठरावे शतक, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन

हिंदीत ‘छींट’ म्हणजे शिंतोडा, ठिपका. ठिपक्यांच्या आणि फुलांच्या छापील सुती कापडाला तेच नाव पडले. मराठीत ते ‘चीट’ झाले. जुन्या गोधड्यांमध्ये चिटाच्या कापडाचे तुकडे अजून सापडतील. इंग्रज व्यापारी अनेक कापडांना ‘चिंट्स’ म्हणत. हे खरे तर अनेकवचन होते. पुढे तेच एकवचन मानले गेले आणि ‘चिंट्झ’ असे लिहिले जाऊ लागले. पलंगावर घालण्याच्या मोठ्या नक्षीदार चिटाला ते ‘पॅलम्पोर’ म्हणत. तो आपला पलंगपोस.

धुतल्यावरही रंग न जाणारे कापड युरोपात कोणाला जमत नव्हते. त्यामुळे तिथल्या विणकरांचा धंदा बसू लागला. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालू राहिली. इंग्लंडनेही अठराव्या शतकाच्या आरंभी कायदे केले, आणि १७२१ चा कायदा सर्वांत कडक होता.

लंडनचा प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या पत्नीसाठी भारतातून आलेले चिटाचे पडदे याच कायद्यांपायी जकातवाल्यांनी अडकवले होते. ते आज संग्रहालयात मानाने टांगलेले आहेत. पुढे इंग्लंडच्या गिरण्यांनी स्वस्त नकला काढल्या आणि ‘चिंट्झी’ या विशेषणाला ‘स्वस्त, भडक’ असा अर्थ चिकटला. कापडाची किंमत उतरली तशी शब्दाचीही उतरली.

भाग दुसरा : वस्तू आपली, नाव दुसऱ्याचे

५. मिनिएचर
मराठीत : लघुचित्र, मूळ वस्तू शेंदूर
कलाकृती : ‘नुजूम-उल-उलूम’ या हस्तलिखितातील चित्रे, विजापूर, १५७०, चेस्टर बीटी ग्रंथालय, डब्लिन

मिनिएचर म्हणजे लहान चित्र, म्हणून त्यात ‘मिनी’ असावे असे सहज वाटते. शब्दाचा मूळ अर्थ मात्र आकाराशी संबंधित नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे तांबडे रंगद्रव्य, आणि पुढे विशेषतः शिशापासून केलेला नारिंगी-तांबडा रंग. आपल्याकडे तोच शेंदूर. मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तींवर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे थर चढले, तो हाच पदार्थ.

युरोपातील मठांमध्ये पोथ्या लिहिताना प्रकरणाचे पहिले अक्षर मिनियमने रंगवत. या कामाला लॅटिनमध्ये ‘मिनियारे’ म्हणत. त्यावरून इटालियन ‘मिनियातुरा’, म्हणजे पोथीतले रंगकाम. पोथीतली चित्रे लहान असत, शिवाय लॅटिनमध्ये ‘कमी’ आणि ‘लहान’ या अर्थाचे शब्द उच्चाराने जवळचे होते. हळूहळू ‘शेंदराने रंगवलेले’ हा अर्थ पुसला गेला आणि ‘लहान’ हा अर्थ उरला. मिनी बस, मिनी स्कर्ट यांतील ‘मिनी’ हे मिनिएचरचेच आखूड रूप आहे, त्याला ‘मिनिमम’ची थोडी साथ मिळाली इतकेच.

‘नुजूम-उल-उलूम’, म्हणजे ‘विद्यांचे तारे’, हा ग्रंथ पहिल्या अली आदिलशहाच्या काळात विजापुरात तयार झाला. ग्रह, राशी, हत्ती-घोडे, शस्त्रे आणि मंत्रविद्या असे अनेक विषय त्यात शेकडो चित्रांसह आले आहेत. बेळगाव-विजापूर भागातल्या वाचकांसाठी हा घरचाच वारसा, जरी आज तो आयर्लंडमध्ये असला तरी.

६. ऑर्पिमेंट
मराठीत : हरताळ
कलाकृती : ‘बुक ऑफ केल्स’, सुमारे इ. स. ८००, ट्रिनिटी कॉलेज, डब्लिन

लॅटिन ‘औरिपिगमेंटुम’ म्हणजे सोन्याचा रंग. तो झिजून ‘ऑर्पिमेंट’ झाला. हे सोमल आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज आहे आणि विषारी आहे. संस्कृतात ‘हरिताल’, मराठीत ‘हरताळ’.

आपल्याकडे पोथी लिहिणारे हे खनिज वेगळ्याच कामासाठी हाताशी ठेवत. जुना हातकागद पिवळसर असे. लिहिताना चूक झाली की त्या अक्षरावर हरताळ फासून ते झाकत आणि वर पुन्हा लिहीत. ‘केलेल्या कामावर हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथून आला. दुकाने बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ हा वेगळा शब्द आहे. तो ‘हाट’ आणि ‘ताळे’ यांवरून, म्हणजे बाजाराला कुलूप या अर्थाने, गुजरातीच्या वाटेने आला. बडोद्यातल्या वाचकांना ‘हडताळ’ हे रूप रोजचेच आहे.

‘बुक ऑफ केल्स’ हे आयर्लंडमधील ख्रिस्ती धर्मग्रंथाचे जगप्रसिद्ध हस्तलिखित. त्याची पाने सोन्याने मढवल्यासारखी दिसतात, पण त्यांत सोने नाही. ती झळाळी ऑर्पिमेंटची, म्हणजे हरताळाची आहे. जो पदार्थ आपल्या लेखकूंनी अक्षर पुसण्यासाठी वापरला, त्यानेच त्या भिक्षूंनी अक्षर उजळले.

७. अल्ट्रामरीन
मराठीत : गडद निळा, मूळ दगड राजावर्त
कलाकृती : ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’, योहानेस फर्मीर, सुमारे १६६५, माउरित्सहाउस, हेग

‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे आणि ‘मारे’ म्हणजे समुद्र. म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. समुद्राच्या रंगाशी या नावाचा संबंध नाही. हा रंग अफगाणिस्तानातील बदख्शान भागातल्या खाणींतून निघणाऱ्या निळ्या दगडापासून करत. या दगडाला संस्कृतात ‘राजावर्त’ आणि फारसीत ‘लाजवर्द’ म्हणतात. ‘लाजवर्द’वरूनच इंग्रजी ‘अझ्यूर’ आला. वाटेत सुरुवातीचा ‘ल’ गळाला, कारण युरोपीय लोकांना तो शब्दाआधीचे उपपद वाटला.

अजिंठ्याच्या लेण्यांत, विशेषतः पाचव्या शतकातील चित्रांत, दिसणारा झळाळता निळा याच दगडाचा आहे. म्हणजे युरोपात हा रंग ‘समुद्रापलीकडचा’ ठरण्याच्या कितीतरी आधी तो डोंगरवाटांनी महाराष्ट्रात पोहोचला होता. युरोपात त्याची किंमत सोन्याशी तोलली जाई. तरीही फर्मीरने एका अनोळखी मुलीच्या डोक्यावरच्या फेट्यासाठी तो मोकळ्या हाताने वापरला.

फ्रान्समध्ये स्वस्त कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६००० फ्रँकचे बक्षीस लावले गेले होते. ते १८२८ मध्ये झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. पॅरिसमधील आशियाई कलेचे गिमे संग्रहालय त्याच्या मुलाने उभारले. पांढऱ्या कपड्यांना घालायची निळीची पूड ही पुढे बहुधा याच कृत्रिम अल्ट्रामरीनची असे. आपण तिला ‘नीळ’ म्हणत राहिलो, पण निळीच्या झाडाशी तिचा संबंध उरला नव्हता.

भाग तिसरा : चित्रशाळेतले शब्द

८. ईझल
मराठीत : चित्र ठेवण्याची तिवई
कलाकृती : ‘लास मेनिनास’, दिएगो वेलास्केथ, १६५६, प्रादो संग्रहालय, माद्रिद

डच भाषेत ‘एझल’ म्हणजे गाढव. निमूटपणे ओझे वाहणारे. चित्राचे ओझे पेलणाऱ्या लाकडी चौकटीलाही डच चित्रकार तेच म्हणू लागले आणि पुढे हा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच आणि इटालियन भाषांनी तिला ‘छोटा घोडा’ या अर्थाची नावे दिली. ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. रंगारी आणि गवंडी ज्या लाकडी आधारावर फळी टाकून काम करतात, त्याला आपण घोडा किंवा घोडी म्हणतो. येथे शब्दांचे नाते नाही. माणसे सगळीकडे सारखाच विचार करतात, एवढेच यातून दिसते.

वेलास्केथच्या या चित्रात डाव्या बाजूला एका प्रचंड कॅनव्हासची पाठ आणि तिला पेललेली ईझल दिसते. चित्रकार स्वतः कुंचला घेऊन आपल्याकडे पाहत उभा आहे. तो काय रंगवत आहे ते आपल्याला कधीच दिसत नाही.

९. कार्टून
मराठीत : व्यंगचित्र, चुलतभाऊ काडतूस
कलाकृती : ‘राफाएल कार्टून्स’, १५१५ ते १५१६, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, लंडन

इटालियन ‘कार्तोने’ म्हणजे मोठा जाड कागद. भिंतीवर चित्र काढण्याआधी किंवा गालिचासारखे पडदे विणण्याआधी चित्रकार पूर्ण आकाराचा आराखडा अशा कागदावर काढत. तोच कार्टून. राफाएलने पोप दहाव्या लिओसाठी सिस्टाइन चॅपलमधील पडद्यांचे आराखडे केले आणि पडदे ब्रसेल्समध्ये विणले गेले. त्यांपैकी सात आराखडे आज टिकून आहेत. त्यांत हसण्यासारखे काही नाही, विषय सगळे धार्मिक आहेत.

मग विनोद कुठून आला? १८४३ मध्ये लंडनच्या नव्या संसद भवनात काढायच्या भित्तिचित्रांच्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले. गरिबी असताना सरकार चित्रांवर पैसा उधळते म्हणून ‘पंच’ साप्ताहिकाने टीकेचे चित्र छापले आणि त्याला मुद्दाम ‘कार्टून’ म्हटले. चित्रकार होता जॉन लीच. थट्टेत दिलेले नाव कायम झाले.

‘कार्तोने’ हा ‘कार्ता’, म्हणजे कागद, या शब्दाचा वंशज आहे. बंदुकीच्या दारूची पूर्वी कागदात पुडी बांधत, म्हणून तिलाही ‘कार्ता’वरूनच नाव पडले. पोर्तुगीजांकडून ते ‘कार्तुशु’ या रूपात आपल्याकडे आले आणि त्याचे काडतूस झाले. कार्टून आणि काडतूस ही चुलतभावंडे आहेत, हे मुलांना सांगितले तर ती विसरणार नाहीत.

१०. सेपिया
मराठीत : तपकिरी; मूळ प्राणी माकूल
कलाकृती : राजा दीनदयाळ यांची छायाचित्रे, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध

ग्रीक भाषेत ‘सेपिया’ म्हणजे संकट येताच पाण्यात काळी शाई सोडणारा समुद्री प्राणी. गोव्यात आणि कोकणात बाजारात मिळणाऱ्या माकुलाच्याच जातकुळीतला. त्याच्या शाईच्या पिशवीपासून युरोपात तपकिरी शाई करत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चित्रकारांमध्ये ती विशेष लोकप्रिय झाली.

जुन्या तपकिरी फोटोंना आपण ‘सेपिया’ म्हणतो, पण त्यांत माकुलाची शाई नसते. एकोणिसाव्या शतकातील बरेचसे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापलेले असत. त्यांची छटा मुळातच तांबूस-तपकिरी असे आणि काळाबरोबर ती पिवळसर होत जाई. पुढच्या काळात काळ्या-पांढऱ्या फोटोला गंधकाच्या क्षारांनी तपकिरी छटा देत.

राजा दीनदयाळ इंदूरमध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. तिथेच त्यांचे छायाचित्रण बहरले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील वाडे, राजवाडे आणि माणसे त्यांच्या छायाचित्रांत आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या शहरांचे जुने रूप आपण पाहतो ते त्यांच्या कॅमेऱ्यातून.

११. ओलिओग्राफ
मराठीत : तैलचित्राची छापील प्रत
कलाकृती : लक्ष्मी आणि सरस्वती, रविवर्मा प्रेस, एकोणिसाव्या शतकाची अखेर

लॅटिन ‘ओलेउम’ म्हणजे तेल आणि ग्रीक ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणे, रेखाटणे. प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावरून एकावर एक ठसे घ्यायचे आणि शेवटी तेलाचे वॉर्निश देऊन तैलचित्राचा भास आणायचा, अशी ही छपाई.

राजा रविवर्मा यांना महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रांचे मोठे काम दिले. ही चित्रे पाहायला लोकांची गर्दी झाली, पण राजवाड्यातले चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर कसे यावे? १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसने हा प्रश्न सोडवला. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि त्यातील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याने तो विकत घेतला. कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती ही रूपे त्या छापांमुळे घरोघरी पोहोचली. लक्ष्मी नेसली आहे ती आपल्या ओळखीची नऊवारी वाटते ती त्याचमुळे. ‘ओलिओग्राफ’ हा शब्द इंग्रजीत आज जवळजवळ वापरात नाही. देव्हाऱ्याजवळच्या जुन्या तसबिरीच्या रूपाने ती वस्तू मात्र अनेक मराठी घरांत अजून आहे.

शब्द शोधताना

या अकरा नोंदींतून तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले असे नाही. मिनिएचर आणि मिनिमम, रंगाचा लेक आणि पाण्याचा लेक, दोन वेगळे हरताळ, ही त्याची उदाहरणे. शब्द कोणत्या वाटेने आला हे कळल्याशिवाय नाते सांगू नये.

दुसरी, नाव टिकते आणि वस्तू बदलते. आजच्या क्रिमसनच्या नळीत बहुधा किडा नसतो, सेपियात माकूल नसते. शेंदूर आणि हरताळ तर विषारी आहेत. मुलांना ते हाताळायला देऊ नयेत, नुसते दाखवावेत.

तिसरी, आपला शब्द हरवला की त्याच्यासोबतची समजही हरवते. ‘हरताळ फासणे’ म्हणताना पिवळा रंग डोळ्यांसमोर येत नसेल, तर तो वाक्प्रचार अर्धाच आपल्याकडे उरला आहे. कृमी आणि क्रिमसन यांचे नाते मराठी जाणणाऱ्या मुलाला एका वाक्यात कळते. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला त्यासाठी कोश उघडावा लागतो.

घरी करून पाहण्यासारखे एक काम सुचवावेसे वाटते. रंगपेटीतील प्रत्येक रंगाला घरातील ज्येष्ठ काय म्हणत, ते विचारून लिहून ठेवावे. शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, त्यामुळे आज विस्मरणात गेलेले अनेक शब्द त्यात सापडतात. मूळ चित्रे पाहायची तर बडोद्याला लक्ष्मीविलासच्या आवारातील फतेसिंह संग्रहालयात रविवर्मा आहेत, बडोदे संग्रहालयाच्या चित्रदालनात युरोपीय तैलचित्रे आहेत आणि हैदराबादला सालारजंग संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जावे, आणि चित्रासमोर उभे राहून रंगांची नावे दोन्ही भाषांत म्हणावीत.